ट्रकवरच्या फोल्डिंग क्रेनच्या ऑपरेटरला ट्रेनिंग नक्की कसलं द्यायचं आणि कुणाकडून?

भोसरी_ट्रान्सपोर्टवाला

नमस्कार मंडळी. आमचा छोटा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, भोसरी-चाकण-तळेगाव पट्ट्यात मशीन शिफ्टिंग, डीजी सेट, पॅनल, पत्र्याचे बंडल असलं काम. आत्तापर्यंत माल आमच्या ट्रकमध्ये आणि चढवा-उतरवायला हायड्रा (माल हुकला लटकवून चालणारी छोटी क्रेन) भाड्याने, असं चालायचं. यावर्षी एक जुना ट्रक घेतला ज्याच्या केबिनच्या मागेच क्रेन बसवलेली आहे, नकल बूम म्हणतात ती, जिचा हात (बूम) मधून दुमडून बसतो ती. प्लेटवर १२ टन-मीटर लिहिलंय, लिव्हर ट्रकच्या दोन्ही बाजूंना, रिमोट नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, युरोपातलं मेक आहे आणि मशीन बऱ्यापैकी जुनं आहे.

गाडीवर आमचे जुने ड्रायव्हर मामा आहेत, पन्नाशीचे, हेवी लायसन्स आहे आणि आधी बरीच वर्षं हायड्रा चालवलेली. हाताखाली एक पोरगा हेल्पर. आता झालंय असं की एका मोठ्या कस्टमरच्या सेफ्टीवाल्यांनी गेटवरच अडवलं, म्हणाले मशीनचं टीपीआय (बाहेरच्या तपासनीसाकडून झालेली तपासणी) पाहिजे आणि ऑपरेटरचं सर्टिफिकेट पाहिजे, नाहीतर गाडी आत नाही. टीपीआयचं बघतोय. सर्टिफिकेटसाठी एक एजंट भेटला, म्हणाला फोटो आणि आधार व्हॉट्सॲप करा, दोन दिवसांत कार्ड घरपोच, लॅमिनेशनसकट. परीक्षा वगैरे काही नाही. मामा म्हणतात घेऊन टाक रे, मला आता काय शिकवायचं राहिलंय.

मला ते कार्ड घ्यायचं नाहीये. कारण मामा ही क्रेन हायड्रासारखीच चालवतात असं मला दिसतंय, म्हणजे "१२ टनाची आहे, दोन टनाला काय होतंय" अशी भाषा. मला खरोखरचं ट्रेनिंग द्यायचंय पण त्यात काय काय असायला पाहिजे तेच माहीत नाही, कोण देतं ते पण नाही. हेल्परला पण बसवायचं का? कुणी हे काम केलेलं असेल तर सांगा प्लीज.

सेफ्टीवाला_रांजणगाव

भाऊ, ते एजंटचं कार्ड घेऊ नका हे आधी सांगतो. गेटवर चालून जाईल सुद्धा, पण उद्या काही झालं तर पहिलं कार्डच तपासलं जातं, कुणी टेस्ट घेतली, कुठल्या मशीनवर घेतली, तारीख काय, आणि त्या दिवशी तुमचा ऑपरेटर दुसऱ्याच साइटवर ट्रिप मारत होता असं चलनावर निघालं की सगळं मालकाच्या गळ्यात.

दोन गोष्टी वेगळ्या करा. टीपीआय म्हणजे मशीनचा कागद. फॅक्टरी ॲक्ट १९४८ च्या कलम २९ पासून चालत आलेली पद्धत आहे की लिफ्टिंग मशीन, साखळ्या, दोर, हुक, शॅकल (जोडायची लोखंडी कडी) सगळं वर्षातून निदान एकदा कॉम्पिटंट पर्सनकडून, म्हणजे मान्यता असलेल्या तपासनीसाकडून, तपासून घ्यायचं आणि त्याच्यावर सेफ वर्किंग लोड दिसेल असा लिहायचा. बांधकामाच्या साइटवर गेलात तर तिथे बीओसीडब्ल्यूच्या, म्हणजे बांधकाम कामगारांच्या कायद्याच्या, १९९८ च्या सेंट्रल रूल्सपासून चालत आलेलं, वापरायच्या आधी टेस्ट, मग दर पाच वर्षांनी परत लोड टेस्ट आणि मधे दरवर्षी तपासणी. हे झालं मशीनचं. ऑपरेटरबद्दल तिथे असं आहे की अठरा पूर्ण पाहिजेत, माणूस कामात तयार पाहिजे, धोके माहीत पाहिजेत, मेडिकल झालेलं पाहिजे. "तयार आहे" हे दाखवायची जबाबदारी मालकाची. म्हणजे आमच्यासारखा सेफ्टीवाला जे मागतो ते नुसतं कार्ड नसतं, कुणी शिकवलं, काय शिकवलं, कसं तपासलं याचा रेकॉर्ड असतो, निदान मी तरी तेच मागतो.

आता तुमच्या मामांच्या १२ टनाबद्दल. ती १२ टनाची क्रेन नाहीये!! १२ टन-मीटर म्हणजे वजन गुणिले अंतर. अंतर कुठून, तर क्रेनचा जो खांब गोल फिरतो त्याच्या मधापासून हुकपर्यंत आडवं मोजायचं. हिशोबाने ४ मीटरवर ३ टन आणि १० मीटरवर १.२ टन येतात पण प्रत्यक्षात त्याच्याहून कमीच, कारण बूम जेवढी लांब बाहेर काढाल तेवढं तिचं स्वतःचं वजन पण त्याच १२ मधून जातं. म्हणजे ट्रकपासून लांब, गेटच्या आत, भिंतीपलीकडे ठेवायचं म्हटलं की तीच क्रेन जेमतेम टनभर उचलते. आणि त्या टनात स्लिंग (माल बांधायचा बेल्ट किंवा दोर), शॅकल, लिफ्टिंग बीम सगळं आलं. कस्टमर चलनावर मशीनचं वजन ८५० किलो लिहितो, ते लाकडी पॅकिंगसकट नसतं, हे कायम धरून चालायचं.

मी टेस्ट घेतो तेव्हा पहिलं काम हेच देतो, मशीनवरचा चार्ट (किती अंतरावर किती वजन) दाखवतो आणि विचारतो की हा डीजी सेट इथून तिथे ठेवायचाय, अंतर टेपने मोज, चार्टवर बोट ठेव, उचलशील का नाही सांग. दहा-दहा वर्षं क्रेन चालवलेली माणसं इथे अडकतात. शिकलेली नाहीत म्हणून नव्हे, त्यांना कधी कुणी टेप हातात दिलाच नव्हता.

गेटपास_हवाय

आमच्याकडे सगळ्यांकडे ती व्हॉट्सॲपवाली कार्डंच आहेत, खोटं कशाला बोलू. सेफ्टीवाले साहेब रागावू नका पण तुमच्यातले निम्मे कार्डाची एक्सपायरी डेट सोडून काहीच वाचत नाहीत. ट्रेनिंगला माणूस पाठवला की दोन दिवस गाडी उभी, ईएमआय थांबत नाही.

सेफ्टीवाला_रांजणगाव

रागावलो नाही, खरं आहे ते. पण गाडी आडवी झाली की दोन दिवस नाही, पंचनामा, इन्शुरन्स, आरटीओ धरून किती महिने उभी राहते ते बघितलंय.

बूमट्रक_जुबेल

मी सौदीत जुबेलला बूम ट्रक चालवतो, मूळचा सातारचा. इकडे अरामकोच्या कामावर ऑपरेटरची वेगळी परीक्षा आणि रिगरची (लोड बांधणारा माणूस) वेगळी परीक्षा, दोघांकडे कार्ड नसेल तर लोड जमिनीवरून हलत नाही. त्यामुळे हेल्परला बसवायचं का या प्रश्नाचं उत्तर हो, शंभर टक्के. लोडला हात हेल्परच लावतो, बांधतो तो, इशारा देतो तो, आणि दबायची पाळी येते ती पण त्याचीच.

मामा हायड्रावाले आहेत म्हणजे हात चांगला असणार, पण काही सवयी मोडाव्या लागतील. हायड्रात लोड घेऊन गाडी चालवतात, इथे लोड हवेत असताना ट्रक इंचभर पण हलवायचा नाही. हायड्रात बूम सरळ असते, डोळा हुकवर ठेवला की काम भागतं, इथे दोन सांधे आहेत, हुक खाली जात असतो आणि मधला गुडघा वर चाललेला असतो. गुडघ्याकडे कुणाचं लक्षच नसतं.

सगळ्यात मोठं म्हणजे लोड खाली आणतानाचं. बूम उभी असताना लोड जवळ असतो, चार्टमध्ये बसतो, मग खाली ठेवायला मेन बूम झोपवली की हुक आपोआप बाहेर बाहेर जातो, म्हणजे वजन तेच पण अंतर वाढतंय. उचलताना सगळं व्यवस्थित आणि ठेवताना गाडी उचलली जाते, असं होतं ते यामुळेच. म्हणून आधी एक्स्टेन्शन (बूममधून बाहेर सरकणारा भाग) आत घ्यायचं, बाहेरची बूम दुमडून लोड जवळ ओढायचा आणि मग मेन बूम खाली. हा क्रम हातात बसेपर्यंत रिकाम्या हुकवर करून घ्या, शंभरदा करायला लागला तरी चालेल.

पुढे केबिनवरून लोड फिरवायची सवय असते ना बऱ्याच जणांना, ट्रक तोंडाने आत घातलाय आणि माल पुढे ठेवायचाय. क्रेनचे जॅक (ट्रकला आधार देणारे पाय) केबिनच्या मागे आहेत, पुढे आधार काय, पुढची चाकं. बाजूला जेवढं उचलते तेवढं पुढे उचलत नाही, काही मशीनच्या चार्टमध्ये पुढचा भाग वेगळा दाखवलेला असतो किंवा चक्क बंद असतो. बाजूला उचलून मग फिरवत पुढे आणला की मधेच कुठेतरी गाडी हलकी वाटायला लागते आणि तेव्हा थांबवायला उशीर झालेला असतो.

जॅकबद्दल तर लिहावं तेवढं थोडं. आडवे बीम पूर्ण बाहेर काढायचे, दोन्ही बाजूंचे, "या बाजूला लोड नाहीये" म्हणून एक बाजू अर्धीच काढायची नाही कारण फिरवताना बाजू बदलते. अडचणीच्या जागी एक बीम बाहेर निघत नसेल तर त्या बाजूला लोड न्यायचाच नाही. आणि मोबाईल क्रेनसारखी चाकं जमिनीवरून उचलायची नाहीत, बहुतेक लोडर क्रेनच्या (तुमच्यासारख्या ट्रकवरच्या क्रेनच्या) मॅन्युअलमध्ये असंच आहे की जॅकने ट्रक लेव्हलला आणायचा, स्प्रिंगवरचा भार घ्यायचा पण टायर टेकलेले राहिले पाहिजेत, कारण पार्किंग ब्रेक मागच्या चाकांवर आहे, चाकं हवेत गेली तर ट्रक नुसता जॅकवर उभा राहतो आणि उतार असेल तर सरकतो.

जमीन. तुमच्या एमआयडीसीत सगळीकडे पेव्हर ब्लॉक असतात ना, आमच्या गावाकडच्या एका कारखान्यात मी सुट्टीवर असताना मित्राच्या गाडीवर उभा होतो, तेव्हाचं सांगतो. वरून फरशी एकदम मस्त, सपाट. खाली केबलसाठी चर खणून माती भरलेली होती, ती कुणाला दिसणार. लोड वर घेतला, फिरवायला लागले आणि जॅकच्या पायाभोवतीचे चार-पाच ब्लॉक असे एका बाजूने कलले, मधली रेती फुसकन वर आली. स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा सरकताना दिसला. मित्राने फिरवणं थांबवलं, लोड वर न नेता तिथल्या तिथे आत ओढला आणि खाली टेकवला. तो घाबरून मोठ्याने ओरडत लिव्हर ओढणारा असता तर विषय वेगळा झाला असता.

हिशोब सोपा आहे. जॅकवर ८ टन येतात धरा, पाय ३० बाय ३० सेंटिमीटर, म्हणजे ०.०९ चौरस मीटर, भागाकार केला की चौरस मीटरला जवळजवळ ८९ टन. पावसाळ्यातल्या काळ्या मातीला १० पण जड. खाली १ मीटर बाय १ मीटरची जाड फळी किंवा पॅड टाकला की तेच ८ टन होतात. म्हणून पॅड गाडीत कायमचे बांधलेले पाहिजेत, साइटवर जाऊन दगड-विटा शोधायच्या नाहीत. गटाराचं झाकण, चेंबर, बेसमेंटचा स्लॅब, नुकतीच भरलेली चर, यांच्यावर पाय नाही. उघड्या खड्ड्याशेजारी असाल तर खड्डा जेवढा खोल, काठापासून निदान तेवढं तरी लांब.

भोसरी_ट्रान्सपोर्टवाला

अरे बाप रे. धन्यवाद दादा, हे तर मी मामांना वाचूनच दाखवलं. चाकं उचलायची नाहीत यावर वाद घालतायत, म्हणाले मॅन्युअल दाखव. मॅन्युअल आमच्याकडे नाहीये, आधीच्या मालकाने दिलंच नाही.

अजून दोन प्रश्न. एक, ओव्हरलोडचा अलार्म आहे मशीनला, दिवा पण लागतो, मग एवढं टेन्शन कशाला, तो थांबवेल ना? दोन, आमचं बरंच काम शेडच्या बाहेर रस्त्यावर असतं आणि वर एमआयडीसीच्या तारा. तिथे किती अंतर ठेवायचं?

लाइनमन२२केव्ही

तारांचं मी सांगतो, रोजचं काम आहे. तुमच्या भागात वरून जातात त्या बऱ्याचशा २२ केव्हीच्या, काही ११, काही ३३. उघड्या तारा, त्यांच्यावर रबर नसतं. तार काळपट दिसते म्हणून लोकांना वाटतं कोटिंग आहे, नाहीये. चिकटायला पण लागत नाही, फार जवळ गेलं तरी झेप मारते.

अमेरिकेच्या ओशाचा (तिथली कामगार सुरक्षेची सरकारी संस्था) नियम आमच्या एका ट्रेनिंगमध्ये सांगितला होता तो मी धरतो कारण लक्षात राहतो, ५० केव्हीपर्यंत १० फूट, म्हणजे ३ मीटर, आणि किती केव्ही आहे तेच माहीत नसेल तर २० फूट. हे अंतर हुकपासून नाही, क्रेनचा, दोराचा, लोडचा जो भाग सगळ्यात जवळ जाईल तिथून. वर जुबेलवाल्या दादांनी गुडघ्याचं लिहिलंय ते आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे. घडी उघडताना मधला सांधा हुकच्या कितीतरी वर जातो. ऑपरेटर खाली लिव्हरपाशी उभा, मान खाली किंवा नजर लोडवर, आणि वर सांधा तारेला. बूम उघडायच्या आधीच बघायचं, उघडून नाही. आणि तार वाऱ्याने हलते, उन्हाने झोळ पडतो, सकाळी मोजलेलं दुपारी तेवढंच नसतं.

तुमच्या मशीनला रिमोट नाही, जमिनीवर उभं राहून लोखंडी लिव्हर धरायचे, हा सगळ्यात वाईट प्रकार. करंट ट्रकमधून जमिनीत जायला माणूस हाच रस्ता होतो, एक हात लिव्हरवर आणि पाय मातीत. रिमोटवाला माणूस निदान लांब तरी उभा राहू शकतो. त्यामुळे तारेखाली काम असेल तर सरळ वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसला अर्ज करा, शटडाऊन घ्या, परमिट हातात आल्यावर आणि तुमच्या समोर दोन्ही बाजूंनी अर्थिंग लागल्यावरच बूम उघडा. "वायरमनला फोन केलाय, बंद केलीय म्हणाला" याला शटडाऊन म्हणत नाहीत.

चुकून लागलंच तर हे हेल्परसकट सगळ्यांना पाठ पाहिजे. जो केबिनमध्ये आहे त्याने बाहेर यायचं नाही, बसून राहायचं. जो खाली आहे त्याने ट्रकला, लोडला, टॅग लाइनला (लोड सावरायची दोरी) हात लावायचा नाही, दहा मीटर तरी लांब जायचं आणि ते पण पाय न उचलता, दोन्ही पाय जवळ ठेवून घसटत घसटत, कारण जमिनीत पण करंट पसरलेला असतो आणि मोठं पाऊल टाकलं की दोन पायांत फरक पडतो. केबिनला आग लागली तरच उडी, दोन्ही पाय एकत्र, आणि ट्रकला आणि जमिनीला एकाच वेळी स्पर्श होता कामा नये. ठिणगी पडून लाईन ट्रिप झाली की लोक धावत जातात, जाऊ नका. ब्रेकर परत आपोआप चार्ज होऊ शकतो नाहीतर सबस्टेशनवाला ट्राय घेतो, म्हणजे लाईन परत चालू करून बघतो. आम्ही सांगेपर्यंत ती चालूच धरायची.

क्रेनसर्व्हिस_नाशिक

मी लोडर क्रेनच्या सर्व्हिसमध्ये आहे, अलार्मचं उत्तर माझ्याकडून घ्या. तुमचं मशीन जुनं आहे म्हणताय. जुन्या मशीनची ओव्हरलोड सिस्टीम बहुतेक करून मेन सिलिंडरमधलं हायड्रॉलिक प्रेशर बघते, म्हणजे क्रेनचं लोखंड सहन करेल का एवढंच तिला कळतं. जॅक बाहेर आहे का आत, जमीन मऊ आहे का, ट्रक रिकामा आहे का भरलेला, हे तिला माहीतच नाही. त्यामुळे गाडी आडवी होत असताना पण दिवा हिरवा असू शकतो. नव्या युरोपियन मशीनमध्ये, ईएन १२९९९ (लोडर क्रेनचं युरोपियन स्टँडर्ड) प्रमाणे बनलेल्या, जॅक किती बाहेर आहेत ते सेन्सर बघतात आणि त्याप्रमाणे क्षमता आपोआप कमी करतात. तुमच्यात तसं आहे का ते बघून सांगता येईल, नसेल तर मामांनाच ते सेन्सर व्हायचंय.

सिस्टीम लागली की फक्त लोड जवळ आणणाऱ्या हालचाली चालतात, बाकी लॉक. मग लोक काय करतात तर बायपास. व्हॉल्व्हला तार बांधलेली बघितलीय, बटणात काडी खोचलेली बघितलीय. जुनी गाडी घेतलीय तर पहिल्यांदा तेच तपासून घ्या, आधीच्या मालकाने सील तोडलेलं असू शकतं आणि तुम्हाला वाटतंय अलार्म आहे. हाताने ओढायच्या एक्स्टेन्शन असतील तर त्यांची क्षमता हायड्रॉलिकवाल्यापेक्षा कमी असते आणि पिन बसलीय का ते रोज बघायचं.

ट्रेनिंग कोण देतं? मेकच्या डीलरला फोन करा. बरेच जण मशीन त्यांच्याकडून घेतलेलं नसलं तरी पैसे घेऊन माणूस पाठवतात, आणि सर्व्हिस सोबत केलीत तर सोपं जातं. ट्रेनिंग तुमच्याच मशीनवर, तुमच्याच यार्डात, हे पहिलं. लिव्हरची मांडणी मेक-मेकला वेगळी असते, दुसऱ्या मशीनवर शिकलेला हात घाबरल्यावर चुकीचा लिव्हर ओढतो. आयईएससी म्हणून इन्फ्रा इक्विपमेंटची स्किल कौन्सिल आहे, तिच्या सेंटरला पण विचारा, पण हायड्रा किंवा मोठ्या मोबाईल क्रेनचं कार्ड देऊन बोळवण केली तर घेऊ नका, लोडर क्रेनवर प्रॅक्टिकल घेणार का हे आधी लेखी विचारा.

मी शिकवतो तेव्हा २०० लिटरचा ड्रम पाण्याने काठोकाठ भरतो, झाकण उघडं, ड्रमसकट सव्वादोनशेच्या आत-बाहेर किलो होतात. तो उचलायचा, कोनांच्या मधून फिरवायचा आणि खडूने काढलेल्या गोलात ठेवायचा. पाणी किती सांडलं ते जमिनीवरच दिसतं, मला काही बोलावं लागत नाही. झटका देऊन लिव्हर सोडणारा माणूस पहिल्याच फेरीत भिजतो. मग तेच लिव्हर ट्रकच्या दुसऱ्या बाजूने, कारण तिकडे उजवं-डावं उलटं वाटतं. मग बूम ट्रकवर घडी करून ठेवायची. बूम उघडताना आणि घडी करताना लिव्हरपाशी उभ्या माणसाच्या आणि बूमच्या मधे जागा उरत नाही, हात आणि डोकं तिथेच सापडतं.

आणि निघायच्या आधी ट्रकला पूर्ण एक चक्कर. बूम घडीत आहे, जॅक वर आहेत, बीमचे लॉक बसलेत. बीमचं लॉक राहिलं आणि वळणावर तो बाहेर आला तर रस्त्यावरच्या दुचाकीवाल्याची उंची आणि त्या बीमची उंची जवळपास एकच असते. बूम वर राहिली तर पूल किंवा हाइट गेज आहेच. केबिनमध्ये उंचीचा आकडा लिहून चिकटवा, घडी करून मोजलेला.

सांगलीकर_लीड्स

इकडे इंग्लंडमध्ये मी बिल्डर्स मर्चंटकडे आहे, विटांचे पॅलेट टाकतो. इथे ॲल्मीचं (लोडर क्रेनवाल्यांची इथली संघटना) कार्ड लागतं, पाच वर्षं चालतं, मग परत ट्रेनिंग. स्लिंगर-सिग्नलरचं (लोड बांधणारा आणि इशारा देणारा) वेगळं, लिफ्ट प्लॅन करणाऱ्या माणसाचं वेगळं. लोलर १९९८ (लिफ्टिंगच्या मशीनचे इथले नियम) प्रमाणे मशीनची तपासणी १२ महिन्यांनी पण स्लिंग, साखळी, हुक यांची ६ महिन्यांनी. हे ६ महिन्यांचं तुम्ही पण धरा, बेल्टची वाट मशीनच्या आधी लागते. उन्हात पडलेला, कडेला फाटलेला बेल्ट हेल्परने स्वतः कापून टाकायला पाहिजे, नुसता बाजूला ठेवला तर संध्याकाळी परत कुणीतरी लावतो.

बेल्टचे रंग हेल्परला पाठ करा, जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३, करडा ४, लाल ५. पण ते सरळ उभा लावला तर. दोन बेल्ट पसरून लावले आणि आडव्याशी कोन ३० अंशांचा झाला की एकेका बेल्टवर पूर्ण लोडएवढा ताण येतो, म्हणजे दोन बेल्टचा फायदा शून्य. ६० अंशांच्या खाली जायचं नाही एवढं सांगितलं तरी पुरे. पत्र्याच्या बंडलाला कडेला कॉर्नर पॅड, नाहीतर बेल्ट सुरीने कापल्यासारखा जातो.

भोसरी_ट्रान्सपोर्टवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलंय असं, आधी डीलरकडून सर्व्हिस आणि सील तपासणी, त्याच वेळी दोन दिवस मामा आणि हेल्पर दोघांचं ट्रेनिंग यार्डातच, ड्रमवालं पण करणार, ड्रम आहे आपल्याकडे. कस्टमरला सांगितलं की तोपर्यंत हायड्रा लावतो. ते म्हणाले चालेल, उलट ट्रेनिंगच्या दिवशी त्यांचा एक माणूस बघायला येतो म्हणाले. मामा थोडे फुगलेत पण हेल्परच्या आधी शिकायचंय म्हणून येणार आहेत.

एकच अडचण. आज धुऊन बघितलं तर क्रेनवरचा लोड चार्टचा स्टिकर अर्धा गेलाय. १० मीटरच्या पुढचे आकडे वाचताच येत नाहीत. दुसऱ्या त्याच मेकच्या १२ टन-मीटरच्या गाडीवरून फोटो काढून लावला तर चालेल का?

क्रेनसर्व्हिस_नाशिक

नाही चालणार. त्याच मेकमध्ये १२ टन-मीटरच्या दोन क्रेनना एक्स्टेन्शन कमी-जास्त असतात, एकाला चार, एकाला दोन, चार्ट वेगळा येतो. खांबाच्या खालच्या बाजूला सिरियल नंबरची प्लेट असते, ग्रीस पुसा म्हणजे दिसेल. तो नंबर डीलरला द्या, कंपनीकडून त्या नंबरचा चार्ट आणि मॅन्युअल मागवता येतं. चार्ट येईपर्यंत जे आकडे दिसत नाहीत तिथपर्यंत बूम काढायची नाही. मॅन्युअल आलं की मामांना चाकांचं पान पण दाखवा.